उबुंटू गायब, थेट विंडोज सुरू : बूट मेन्यू परत आणताना कुठून सुरुवात करायची

"दादा, उबुंटू उडालं."

आमच्या दुकानापासून इंजिनिअरिंग कॉलेज चालत पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे हे वाक्य मला पाठ झालंय. उबुंटू म्हणजे त्याच लॅपटॉपवर विंडोजशेजारी बसवलेली लिनक्स सिस्टम. पोरगं लॅपटॉप काउंटरवर ठेवतं, बटण दाबतं, कंपनीचा लोगो येतो आणि पाठोपाठ थेट विंडोज. कालपर्यंत मधे जो मेन्यू यायचा, ज्यात 'उबुंटू' आणि 'विंडोज बूट मॅनेजर' अशा ओळी असायच्या, तो नाही. उद्या प्रॅक्टिकल आणि सगळा कोड तिकडे अडकलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून कॉलेजबाहेरची माणसंही विंडोजशेजारी लिनक्स टाकून घेऊ लागली आहेत आणि थोड्या दिवसांनी हीच तक्रार घेऊन येतात.

बहुतेक मशीनवर उबुंटू जागेवरच असतं, एक फाईलसुद्धा हललेली नसते. मग कुणीतरी घाबरून "जाऊ दे, नवीन टाकू" म्हणतं आणि खरं नुकसान तिथे होतं. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी नुसतं बघायचं, मग जे उलटवता येतं ते बदलायचं, आणि पेनड्राइव्ह सगळ्यात शेवटी.

लक्षणं

तुमच्या पडद्यावर नेमकं काय दिसतं ते आधी जुळवा. लोक सगळ्यालाच "मेन्यू गेला" म्हणतात, पण उपाय वेगवेगळे आहेत.

– कुठलाही मेन्यू न येता विंडोज सुरू होतं. बहुतेक वेळा विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर, बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट झाल्यावर किंवा मशीन दुरुस्तीहून परत आल्यावर.
– उलटा प्रकार : थेट उबुंटू सुरू होतं, किंवा मेन्यू येतो पण त्यात विंडोजची ओळच नाही.
– काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.
– 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' अशी ओळ येते आणि मशीन बंद पडतं.
– निळ्या पडद्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं.
– दोन्ही सुरू होतात, पण उबुंटूत विंडोजची ड्राइव्ह उघडत नाही, किंवा घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं.

शेवटचा प्रकार बूटच्या बिघाडात मोडत नाही, पण तक्रार एकाच दमात येते म्हणून तोही इथेच घेतलाय.

कमांड मी देवनागरीत, तोंडाने सांगतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आत काय घडतं, थोडक्यात

यूईएफआय म्हणजे बायोसचा नवा अवतार. तो असलेल्या मशीनमध्ये मदरबोर्डच्या चिपवर एक छोटी यादी असते : पहिल्यांदा कुणाला बोलवायचं, तो नसेल तर कुणाला. डिस्कवर एक लहानसं फॅट३२ पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टम पार्टिशन. विंडोज इन्स्टॉल होताना ते बनवतं, बहुतेकदा जेमतेम १०० एमबीचं. त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर आणि उबुंटूचा एक. उबुंटूच्या फोल्डरात शिम आणि ग्रब या दोन फाईली. शिम सिक्युअर बूटच्या (सही नसलेला प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय) पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवतो आणि ग्रबला आत घेतो. तुमचा मेन्यू म्हणजे हा ग्रब.

एस.टी. स्टँड डोळ्यांसमोर आणा. गाडी फलाटावर उभी आहे, पण पाटी दुसऱ्याच गावाची लागली आहे. अपडेटनंतर विंडोजने किंवा बायोसने स्वतःचं नाव यादीत वर नेलं, की असं होतं. अशा वेळी इंजिन खोलायला बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

काहीही करण्याआधी : रिकव्हरी की

ही पायरी लोक ओलांडून पुढे जातात आणि मग दुकानात रडवेले होऊन येतात. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मालकाला पत्ता नसताना डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असतं. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर ते आणखी सहज, आपोआप चालू होतं. एन्क्रिप्शनची चावी टीपीएम चिपमध्ये असते. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदलला की चिपला वाटतं, कुणीतरी कुलूप उचकटतंय. मग विंडोज ४८ अंकांची की मागतं, आणि ती नसेल तर तुमची सी ड्राइव्ह म्हणजे शब्दशः कुलूपबंद पेटी.

तेव्हा मशीनवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन आहे त्या खात्यात जा, डिव्हाइसेसखाली 'रिकव्हरी की' शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉपमध्येच फाईल करून ठेवू नका. हे सांगावं लागतं, कारण तसं करणारे भेटलेत. विंडोजमध्ये बिटलॉकरचं (याच एन्क्रिप्शनचं) पान दिसत असेल तर काम संपेपर्यंत 'सस्पेंड प्रोटेक्शन' करून ठेवा. खातं नेमकं कुणाचं हेही बघा. दुकानदाराने किंवा मोठ्या भावाने पहिल्या दिवशी स्वतःच्या खात्याने लॅपटॉप चालू करून दिलेला असतो, आणि की त्याच्याकडे असते.

की मिळाली नाही आणि एन्क्रिप्शन चालू असल्याचं दिसतंय, तर बायोसला हात लावू नका. फक्त पहिली तपासणी करा आणि तिथेच थांबा.

पहिली तपासणी : उबुंटू आहे का हे नुसतं बघायचं

यात काहीच बदलत नाही. पैसे शून्य, धोका शून्य, आणि निम्मं निदान इथेच होतं.

विंडोज चालू असताना सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, रिस्टार्ट नाऊ. निळा पडदा येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' हा पर्याय. त्यात 'उबुंटू' दिसलं तर निवडा. हा रस्ता मला जास्त आवडतो, कारण नेमक्या क्षणी बटण दाबायची कसरत नाही.

'यूज अ डिव्हाइस' आलंच नाही तर मशीन चालू होताना बूट मेन्यूचं बटण टिचकीने दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत एफ१२ चा मेन्यू आधी बायोसमधून चालू करावा लागतो. लॅपटॉपवर एफएन बटणाची भानगड असेल तर ते धरून एफ१२ दाबून बघा.

आता तीनपैकी एक दिसेल. 'उबुंटू' आहे आणि निवडल्यावर सुरू होतं : पाटी फिरली आहे एवढंच, तिसऱ्या तपासणीकडे जा. 'उबुंटू' आहे पण निवडल्यावर चूक दाखवतं : ती ओळ जशीच्या तशी लिहून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा, पुढे ती लागेल. नावच नाही : सहाव्या तपासणीपर्यंत जावं लागेल, पण मधल्या दोन-तीन वाचून जा.

उबुंटू सुरू झालं तर तिथल्या तिथे महत्त्वाचा कोड पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर टाका. पुढचं सगळं त्यानंतर.

दुसरी तपासणी : विंडोज खरंच बंद झालं होतं का

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तुम्ही शट डाउन करता तेव्हा विंडोज पूर्ण झोपत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तिथूनच उठतं. त्यामुळे पार्टिशन 'वापरात' असल्याची खूण तशीच राहते. उबुंटू ती खूण बघून ड्राइव्ह उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. "विंडोजची ड्राइव्ह खराब झाली" म्हणून येणाऱ्या बऱ्याच मशीनला एवढंच झालेलं असतं. जबरदस्तीने उघडून तिथे लिहिलंत, तर मात्र ती खरोखर खराब होऊ शकते.

उपाय फुकट : विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा रिस्टार्ट करा. रिस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होऊन उठतं, शट डाउनमध्ये नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसं. कायमचं बंद करायचं तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. त्याने हायबरनेशनही जातं, पण हायबरनेटवर ठेवलेलं विंडोज आणि डुअल बूट (एकाच मशीनवर दोन सिस्टम) यांचं नाहीतरी जमत नाही.

बायोसमध्ये 'फास्ट बूट' नावाचा वेगळा प्रकार असतो, त्याचा या फास्ट स्टार्टअपशी संबंध नाही. तो चालू असला की मशीन कीबोर्डकडे नीट लक्ष द्यायच्या आत पुढे निघून जातं, खासकरून यूएसबी कीबोर्ड असेल तर. "कितीही एफ१२ दाबलं तरी काही होत नाही" याचं एक कारण हे.

तिसरी तपासणी : बायोसमधला क्रम

की हातात आहे, आता बायोस उघडायला हरकत नाही. आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. मी रोजचा असूनही काढतो, कारण "आधी काय होतं" हा प्रश्न हमखास येतो.

'बूट' किंवा 'बूट ऑर्डर'मध्ये 'उबुंटू' वर न्या, 'विंडोज बूट मॅनेजर' त्याखाली. काही मशीनवर पहिल्या यादीत फक्त डिस्कचं नाव दिसतं आणि खरा क्रम आतल्या दुसऱ्या यादीत असतो, तेवढं शोधा. एफ१० ने सेव्ह करून बाहेर पडा. विंडोजकडे जाताना एकदा रिकव्हरी की मागितली तर घाला.

हे करताना दोन गोष्टींना हात लावू नका. साटा मोड किंवा 'आरएसटी', 'व्हीएमडी' असं जिथे लिहिलंय ते बदललं तर विंडोज सुरूच न होता 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळा पडदा दाखवू शकतं. इंटरनेटवरचे इन्स्टॉलेशनचे व्हिडिओ हे बदलायला सांगतात, आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तेव्हा ते योग्यही असतं. पण विंडोजला आधी सेफ मोडमधून तयार करावं लागतं. आपली तक्रार ती नाही. दुसरं, 'लेगसी' किंवा 'सीएसएम', म्हणजे यूईएफआयच्या आधीची जुनी बूट पद्धत. एक सिस्टम यूईएफआयमध्ये आणि दुसरी लेगसीत बसवलेली असेल, तर ग्रब एकीकडून दुसरीकडे नेऊ शकत नाही. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवून 'बायोस मोड'समोर काय लिहिलंय ते बघा. दोन्हीकडे यूईएफआयच हवं.

डेस्कटॉप असेल तर आणखी एक. आमच्याकडच्या एका क्लासवाल्यांच्या मशीनचा क्रम मी तीन वेळा लावून दिला. दर वेळी आठवड्याभरात फोन : "परत तेच." तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की बायोसमध्ये तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेली होती. रात्री ते मेन स्विच बंद करायचे, आणि सकाळी बायोस आपल्या मूळ सेटिंगवर यायचा. पन्नास रुपयांच्या आतली बॅटरी, आणि मी तीन खेपा मारल्या. त्यामुळे आता बायोस उघडला की क्रमाच्या आधी तारीख बघतो.

काही लॅपटॉप मात्र हट्टी असतात. तुम्ही क्रम लावा, सेव्ह करा, दोन रिस्टार्टनंतर विंडोज परत वर. त्यांच्या बायोसला 'विंडोज बूट मॅनेजर' हे एकच नाव कळतं. यावर विंडोजमधल्या 'बीसीडीएडिट' कमांडने त्या नावाचा रस्ता उबुंटूच्या शिमकडे वळवायची युक्ती आहे, आणि ती चालतेही. मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर ती करत नाही. पुढचं मोठं अपडेट ती पुसून टाकू शकतं, आणि एन्क्रिप्शन चालू असेल तर की मागण्याचा ससेमिरा लागतो. त्यापेक्षा उबुंटू हवं तेव्हा एफ१२ दाबायची सवय करा. दिवसाचे चार सेकंद जातात.

चौथी तपासणी : सिक्युअर बूट आणि एसबॅट

ज्यांना 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' किंवा 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' दिसलं त्यांच्यासाठी. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, धोकादायक ठरलेल्या ग्रबना अडवण्यासाठी यूईएफआयमध्ये नवी एसबॅट यादी लिहिली. डुअल बूट असलेल्या मशीनना ती लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण ओळख चुकली आणि कित्येक डुअल बूट मशीनवर उबुंटू अडकलं. त्या आठवड्यात आमच्या बाकड्यावर अशा लॅपटॉपची रांग होती, आणि पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं की डिस्क गेली. मायक्रोसॉफ्टने यावर पक्का उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये दिला. जुन्या पेनड्राइव्हवरून जुनं उबुंटू टाकणाऱ्यांना ही ओळ अजूनही भेटते.

क्रम असा. की जवळ ठेवून बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. उबुंटू सुरू होईल. टर्मिनलमध्ये 'सुडो मॉकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट'. रिस्टार्ट करून पुन्हा एकदा उबुंटूतच या, म्हणजे अपडेटने लिहिलेली ती यादी पुसली जाते. मग सगळे अपडेट घ्या, त्यात नवा शिम आणि ग्रब येतात, आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट परत चालू करा. ते कायमचं बंद ठेवायचा सल्ला मी देत नाही. काही खेळ त्याशिवाय चालत नाहीत म्हणून पोरं स्वतःच ते नंतर चालू करतात आणि मग मशीन पुन्हा माझ्याकडे येतं.

ही ओळ आली नसेल तर सिक्युअर बूटला हात लावायचं कारण नाही. उबुंटू सिक्युअर बूटसकट नीट चालतं.

पाचवी तपासणी : मेन्यू आहे, पण अर्धा

थेट उबुंटू सुरू होतं आणि मेन्यू दिसत नाही, तेव्हा तो बहुतेक लपलेला असतो. एकच सिस्टम सापडली तर उबुंटू मेन्यू दाखवत नाही. मशीन चालू होताना लोगोनंतर एस्केप एकदाच दाबा. दोन-तीनदा दाबलं तर मेन्यू ओलांडून थेट 'ग्रब'च्या काळ्या ओळीवर जाल. घाबरू नका, रिस्टार्ट करा.

विंडोज का सापडलं नाही? ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टम शोधणारा 'ओएस-प्रोबर' सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. उबुंटू २२.०४ पासून हीच आवृत्ती किंवा तिच्या पुढची आहे. इन्स्टॉल करताना विंडोज सापडलेलं असतं म्हणून पहिले काही महिने काही कळत नाही, आणि एखाद्या फेरबदलानंतर ओळ गायब होते. उबुंटूत 'ईटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट'मधली 'ग्रब' ही फाईल सुडोने उघडा. 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' अशी ओळ असेल तर तिच्यापुढचं # चिन्ह काढा, नसेल तर शेवटी लिहा. तिथेच 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल'समोर 'हिडन' असेल तर 'मेन्यू' करा आणि 'ग्रब_टाइमआउट'ला दहा सेकंद द्या. सेव्ह करून 'सुडो अपडेट-ग्रब'. कमांडच्या उत्तरात 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत रिस्टार्ट करू नका.

दिसत नसेल तर तिसऱ्या तपासणीतलं यूईएफआय-लेगसी पुन्हा बघा.

सहावी तपासणी : नावच नाही, किंवा काळी 'ग्रब' ओळ

इथून पेनड्राइव्ह लागतो, आणि इथूनच चुकीची किंमत वाढते. डेटाची दुसरी प्रत नसेल तर विंडोज चालतंय तोवर निदान विंडोजमधला तरी घेऊन ठेवा.

काळ्या 'ग्रब' ओळीबद्दल आधी. हिचं मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून "हे न ओळखीचं पार्टिशन" डिलीट करणं. खेळाला जागा हवी होती, साठ जीबीचा एक तुकडा नाव नसलेला दिसला, उडवला. तो तुकडा म्हणजे उबुंटू. ग्रबची सुरुवातीची फाईल ईएफआय पार्टिशनमध्ये उरते, पण तिला पुढचं घर सापडत नाही. एफ१२ मधून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं की विंडोज उघडतं. उबुंटू मुद्दाम काढलं असेल तर बायोसमध्ये विंडोज वर न्या, काम झालं. चुकून काढलं असेल तर थांबा. त्या मोकळ्या जागेत नवीन पार्टिशन बनवू नका, फॉरमॅट करू नका, मशीन जास्त चालवूही नका. 'टेस्टडिस्क'सारख्या प्रोग्रॅमने पार्टिशन परत मिळू शकतं, पण जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की ती संधी जाते. ज्याने हे आधी केलंय त्याच्याकडेच ते द्या.

पार्टिशन शाबूत आहे, फक्त 'उबुंटू' हे नाव यादीतून गेलं आहे, असं असेल तर बायोसमध्ये 'ॲड बूट ऑप्शन' आहे का बघा. असेल तर ईएफआय पार्टिशनमधल्या 'उबुंटू' फोल्डरातली 'शिमएक्स६४' फाईल निवडून, 'उबुंटू' नाव देऊन नवी नोंद करता येते. पेनड्राइव्हचीही गरज नाही. सगळ्या बायोसमध्ये ही सोय नसते.

नसेल तर उबुंटूची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने टाका. मित्राचा कॉम्प्युटर वापरला तरी चालेल. शक्यतो मशीनवर आहे तीच उबुंटू आवृत्ती घ्या. एफ१२ मध्ये पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसू शकतं. ज्याच्यापुढे 'यूईएफआय' लिहिलंय ते निवडा. लेगसीतून सुरू केलं तर ग्रब भलत्याच पद्धतीने बसतो आणि तुम्ही तासभर डोकं खाजवता. 'ट्राय उबुंटू' निवडा. इन्स्टॉलचं बटण तिथेच शेजारी असतं. त्यावर जाऊ नका.

आता टर्मिनलमध्ये 'सुडो ईएफआयबूटएमजीआर'. यूईएफआयमधली यादी आणि तिचा क्रम समोर येतो. 'उबुंटू' दिसत असेल तर त्याच कमांडला '-ओ' जोडून क्रम लावता येतो. दिसत नसेल तर ग्रब पुन्हा बसवायचा. हाताने, एकेक पार्टिशन जोडून करता येतं, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला मी 'बूट-रिपेअर' हा प्रोग्रॅम सुचवतो. इंटरनेट जोडा, त्याचा पीपीए (उबुंटूला तो प्रोग्रॅम जिथून मिळतो तो पत्ता) घाला, इन्स्टॉल करा, 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. ते तुमच्या फायलींना न शिवता ग्रब बसवून मशीनच्या यादीत नाव घालतं. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडू नका. शेवटी एक अहवाल मिळतो, त्याचा पत्ता जपून ठेवा. पुढे कुणाला दाखवायचं झालं तर अर्धा तास वाचतो.

उबुंटूचं पार्टिशन एन्क्रिप्ट केलेलं असेल तर आधी 'डिस्क्स' ॲपमधून पासवर्ड देऊन उघडा, नाहीतर बूट-रिपेअरला आत काहीच दिसत नाही.

सातवी तपासणी : डिस्क

ही शेवटी ठेवली आहे, कारण ती क्वचित निघते. पण निघाली तर आधीचं सगळं व्यर्थ. त्याच पेनड्राइव्हच्या उबुंटूत 'डिस्क्स' ॲप उघडा, डिस्क निवडा आणि मेन्यूतून स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती बघा. 'डिस्क इज ओके' असेल तर ठीक. 'फेलिंग' असेल, 'रीअलोकेटेड सेक्टर'चा आकडा शून्यापेक्षा बराच वर असेल, किंवा डिस्क मधेच गायब होऊन परत येत असेल, तर ग्रबला दोष देऊ नका. कधी बूट होतं, कधी नाही, असा लहरी प्रकार असेल तर ही तपासणी मी पहिल्यांदाच करतो.

कुठे थांबायचं

रिकव्हरी की नाही आणि निळा पडदा आला आहे : थांबा. त्या कुलपाला मागचा दरवाजा नाही. कुणी "पैसे द्या, उघडून देतो" म्हणत असेल तर तो ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकून देणार आहे. आधी घरातल्या, दुकानदाराच्या, कॉलेजच्या सगळ्या खात्यांत की शोधा.

डिस्कमधून टिकटिक आवाज येतो, विंडोज पार्टिशनला 'रॉ' म्हणतं, किंवा बायोसला डिस्कच दिसत नाही : मशीन बंद करा. डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, तोही स्वतः काही न करता. इथे 'चेकडिस्क' चालवणं म्हणजे मोडक्या पायावर धावायला लावणं.

बूट-रिपेअर दोनदा चालवूनही फरक नाही : तिसऱ्यांदा चालवू नका. अहवाल घेऊन जाणकाराकडे जा.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप, किंवा बायोसला पासवर्ड आहे : त्यांच्या आयटीवाल्यांना फोन करा. ते मशीन तुमचं नाही.

दुरुस्तीला देताना पहिलं वाक्य एवढंच असू द्या : "फॉरमॅट करायचं नाही, आधी डेटाची प्रत." आणि ते पावतीवर लिहून घ्या. काही ठिकाणी बूटच्या प्रत्येक तक्रारीवर 'विंडोज नवीन टाकणे' हाच एक उपाय असतो, आणि त्या झटक्यात उबुंटूचं पार्टिशन जातं.

साडेपाच तासांचं कोडं

उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून दाखवतं. मग विंडोजने इंटरनेटवरून वेळ सुधारली की उबुंटू साडेपाच तास पुढे. बॅटरी बदलून उपयोग नाही. उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की दोघांचं जुळतं. उबुंटू एक इशारा दाखवेल. तो मुख्यतः उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांसाठी आहे, आपल्याकडे ती भानगड नाही. अमेरिकेत शिकणारा माझा भाचा मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' घालून विंडोजलाच जागतिक वेळ पाळायला लावतो, आणि त्याच्यासाठी तेच बरोबर.

सगळं झाल्यावर मशीन लगेच उचलून नेऊ नका. एकदा विंडोजमधून रिस्टार्ट करा, एकदा विंडोजमधून शट डाउन करून चालू करा, आणि एकदा चार्जर काढून, पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा. तिन्ही वेळा मेन्यू आला की मी लॅपटॉप पिशवीत घालून देतो. दोनदाच आला, तर तो रात्रभर बाकड्यावर राहतो.